देवळीला गेलो आणि आबाजी सावकाश चालले

आत्याचा फोन आला. "माहा बाप खरंच मले असा ओढत नेत होता का रे? तू सिनेमाचं काम करतं, पाह्य ना एकदा." मी पुण्यात एडिटिंग करतो. आत्याला कुणी नाही म्हणत नसतं. लॅपटॉप बॅगेत कोंबला आणि वर्ध्याची गाडी पकडली.

आबाजी म्हणजे माझे आजोबा. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, नागपूरच्या पाहुण्यांनी चावीच्या कॅमेऱ्यावर त्यांची एक छोटी फिल्म काढली होती. आत्या एवढीशी, हातात चाकांवरच्या लाकडी बैलाची दोरी. पुढच्या वर्षी आबाजी गेले. आत्याजवळ बाप उरला तो तेवढाच. पुढे कुणीतरी त्या फिल्मची सीडी केली. तीत आबाजी तुरुतुरु पळतात आणि आत्याला हिसका देऊन नेतात. बघणारे सगळे खो खो हसतात. आत्या हसत नाही.

वर्ध्याला उतरलात तर तर्री-पोहे खाल्ल्याशिवाय हलू नका. पुढे देवळीची एस.टी., जेमतेम पाऊण तास. तिकीट स्वस्त, फक्त सुटे ठेवा. खिडकीची जागा मिळाली आणि मी हरवलोच. फुटलेला कापूस, तुरीची पिवळी फुलं, ऊन, पेंग. मागे दोघी बोलत होत्या. "काऊन वं, कापूस वेचाले नाई गेली?" "गेलती ना सकाळीच!" त्या आवाजांवर झोप लागली.

आत्याने पाटोडीचा रस्सा इतका वाढला की लॅपटॉप उघडेपर्यंत दुपार कलली. खिडक्या लावल्या. मी तिला समजावलं. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रं दाखवतो, आपला टीव्ही पंचवीस. असले जुने कॅमेरे मात्र सोळा-अठराच काढायचे. सीडीवाल्याने ती चित्रं पंचवीसने पळवली, म्हणून अख्खं गाव घाईत.

"मंग कमी कर ना बाप्पा!"

अठरा केली. "अजून घाईत हाय." बारा केली. "आता बिमार दिसते." सोळावर आणली तेव्हा आत्या स्क्रीनजवळ सरकली. फिल्ममध्ये मागे ओट्यावरून एक पोरगी उडी मारते. तीसुद्धा आता माणसासारखी खाली आली.

आबाजी चालत होते. शांत, धोतराचा सोगा सावरत. आणि जिथे इतकी वर्षं त्या घाईत नुसता हिसका दिसायचा, तिथे ते थांबले. बैलाचं चाक निसटलं होतं. वाकून त्यांनी ते बसवलं, हात पुढे केला आणि आत्या तो धरेपर्यंत उभे राहिले.

"थांबला होता व माय," आत्या म्हणाली. "माह्यासाठी थांबला होता!" पदराने डोळे पुसत तिने पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. मलाही रडू आवरेना, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी ती स्टँडवर सोडायला आली. "हळू चाल ना रे," म्हणाली, "बस उभीच हाय."

पुण्यात आल्यावर फिल्म सगळ्यांना पाठवली. चुलतभावाचा लगेच फोन, "आबाजी स्लो मोशनमधे काऊन?" त्याला म्हटलं, ते असेच चालायचे रे, घाई आपली होती.

काल आत्याचा फोन होता. तब्येत विचारली, पाऊसपाणी विचारलं, ठेवता ठेवता म्हणाली, "बाप सपनात आलता. पयत नाई, चालत आला. मी हात धरेपर्यंत उभा होता."