पासवर्ड बरोबर, ओटीपी बरोबर

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात माणसाला काढायचं असलं की आधी त्याचं लॉगिन काढतात आणि अर्ध्या तासाने त्याला बोलावून सांगतात. एचआरच्या बाई याला ‘सन्मानपूर्वक निरोप’ म्हणतात. दिवाळीच्या भाषणात त्याच आम्हाला ‘परिवार’ म्हणतात.

त्या सकाळी लॉगिन काढायला मला एकच नाव आलं. अकरा वर्षं माझ्या शेजारी बसलेल्या मित्राचं.

विम्याचे दावे हाताळणारी संगणक प्रणाली आम्ही दोघांनी उभी केली होती. तिची सुरक्षा त्याची. आधी पासवर्ड, मग फोनवर ओटीपी, आणि आत शिरल्यावरही प्रत्येक कामाला वेगळी परवानगी. “बटण लपवलं म्हणजे सुरक्षा झाली काय रे?” असं तो नव्या पोरांना झापायचा. “सर्व्हरने दर वेळी विचारायला हवं, तुला हा हक्क आहे का?” परवानग्या काढून घेण्याचा अधिकारही त्याने हट्टाने दोघांकडेच ठेवला होता. त्याच्याकडे आणि माझ्याकडे.

तो चहाला खाली गेला तेव्हा मी काम उरकलं. त्याला आधी सांगता आलं असतं. पण पुढचं नाव माझंच येईल, अशी भीती होती. खातं सरळ बंद करायचं, असा नियम. तसं केलं असतं तर त्याला पासवर्ड चुकल्याचा नेहमीचा संदेश दिसला असता आणि तो अर्धा तास स्वतःलाच शिव्या घालत बसला असता. माझा हात धजेना. मी नुसत्या परवानग्या काढून घेतल्या. निदान आत तरी येऊ दे, असं वाटलं. याला मी दया समजत होतो.

तो आला, बसला.

“अरे, आत घेतंय, पण काहीच उघडत नाही. तुझं चालतंय?”

“सर्व्हरचा लोचा असेल.”

“सर्व्हर पडला असता तर ओटीपी आला असता का?”

मग तो स्क्रीनकडे वळला. अकरा वर्षं आम्ही जशा चुका शोधल्या, तशीच तो एकेक पायरी तपासत होता. पासवर्ड बरोबर. ओटीपी बरोबर. परवानगी एकही नाही. सगळ्या एकदम आपोआप जात नाहीत. कुणीतरी काढाव्या लागतात. काढू शकणारे दोघं, आणि त्याने काढल्या नव्हत्या.

त्याने खुर्ची वळवली.

“चहाला येतोस का विचारलं, तर नाही म्हणालास.”

“काम होतं.”

“हो. दिसतंय.”

तेवढ्यात त्याच्या टेबलावरचा फोन वाजला. एचआरच्या बाई होत्या.

रविवारी मी बोरीवलीला त्याच्या घरी गेलो. एरवी वहिनी आतूनच ओरडायच्या, “या भावजी, उघडंच आहे.” त्या दिवशी त्या जाळीच्या दारामागे येऊन उभ्या राहिल्या.

“ते घरी नाहीत.”

त्यांच्या खांद्यावरून तो मला दिसत होता. सोफ्यावर पेपर वाचत बसलेला.

“बरं. येऊन गेलो म्हणून सांगा,” मी म्हणालो.

“सांगते,” त्या म्हणाल्या.

त्याने पान उलटलं.