रिव्हर्स घेताना मी दार उघडलं

मंडळी, आज जालन्याला कारच्या लायसनची टेस्ट द्यायला गेल्ते आन् नापास होऊन आले. ज्यांची टेस्ट राह्यलीय त्यांनी हे वाचूनच जा.

मी आमच्या शेतात ट्रॅक्टर चालवते, कार आत्ता शिकून राह्यले. त्यामुळं क्लच-गिअरची भीती न्हाई. सीट बेल्ट लावला, वळताना इंडिकेटर दिला, चढावर गाडी मागं सरकू दिली न्हाई. शेजारी बसलेले टेस्ट घेणारे साहेब कागदावर बराबरच्या खुणा करत गेले. मला वाटलं, झालं काम.

मंग ते म्हणले, "रिव्हर्स घ्या."

ट्रॅक्टरवर मागचं अवजार बघायला मान वळवायची सवय. कारमधून मागचं काही दिसंना, म्हणून मी सरळ दार उघडलं आन् अर्धी बाहेर वाकून गाडी मागं घेऊ लागले.

"ताई, मंग आरसे कशाला दिलेत?" साहेबांनी शांतपणे विचारलं. तिथंच संपलं.

म्हणून सांगते, गाडी पळवता येती का एवढंच तिथं बघत न्हाईत. तुम्ही आरशात बघता का, हे बराबर बघतात.

परतूरला घरी आले तर आमचे मालक म्हणले, "जाऊ दे, ट्रॅक्टर हाय ना."

मी अंगणात आमच्या कारच्या मागं दोन्ही बाजूंनी विटा मांडल्या आन् त्यांना म्हणलं, "गाडीच्या मागं उभे राहा. आरशात दिसलात तर थांबते."

तुमची पहिली टेस्ट कशानं गेली, बिनधास्त सांगा. मी आठवड्यानं परत चालले. ह्या बारीला दार आतून लॉक करूनच बसणार.