गाडीच्या तोंडाशी धरलेला कागद

माझं अक्षर वाकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत जमलं नाही आणि चौथीनंतर शाळाच नव्हती, त्यामुळे ते तसंच राहिलं. ही वही मुलीची आहे, तिच्या दहावीतली, अर्धी कोरी उरलेली. मी कोणाला दाखवणार नाही. तरी कधी तिच्या हाती लागलीच तर तिने लाल पेन घेऊन बसू नये, एवढीच विनंती. चुका पुष्कळ असतील. त्यांची मी आधीच माफी मागते.

आज दुपारी दुकानाच्या मालकीणबाईंकडून आले आणि हात-पाय धुऊन सरळ वही घेतली. छाती इतकी हलकी वाटत होती की कुठेतरी लिहावंसं वाटलं. बोलून दाखवायला मला कधीच जमत नाही.

आमच्या घरी एक डिझेल गाडी आहे, सात जण बसतील अशी. सेकंडहँड घेतलेली. माझे मिस्टर ती चालवतात. उमरेडकडच्या गावांतले पेशंट शहरात धंतोलीतल्या दवाखान्यांत आणायचे आणि परत नेऊन सोडायचे, हा त्यांचा धंदा. त्यातलं पक्कं भाडं म्हणजे एक म्हातारे गुरुजी. त्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. सोबत त्यांच्या सूनबाई येतात. बाकी भाडी लागली तर लागली, पण घरातलं दाणापाणी गुरुजींच्या दोन फेऱ्यांवर चालतं.

माझं काम कूलरच्या ताट्या भरायचं. लोखंडी चौकट असते, तिला जाळी असते, तिच्यात वुडवूल दाबून भरायचं. वुडवूल म्हणजे लाकडाचं केसासारखं बारीक कोरलेलं गवत. आम्ही नुसतं गवतच म्हणतो. इतवारीजवळ मालकीणबाईंचं दुकान आहे. त्या गठ्ठे देतात, मी घरी ताट्या भरते, नगावर पैसे मिळतात. गठ्ठ्यातलं गवत दाबून घट्ट झालेलं असतं, ते आधी हाताने पिंजावं लागतं. तेव्हा त्याचा पिवळा भुसा उडतो. मी नाका-तोंडाला दुपट्टा बांधून बसते.

आमच्या गल्लीत सावलीचं झाड एकच, घरासमोरचं कडुनिंब. मेच्या उन्हात त्याच्याखाली मी बसते आणि तिथेच मिस्टर गाडी लावतात. गुरुजींना सकाळी दवाखान्यात सोडून ते घरी येत, जेवत, आणि दुपारी परत घ्यायला जात. डायलिसिस झालेल्या माणसाला तापलेल्या गाडीत बसवणं बरं नाही, म्हणून निघायच्या अर्धा तास आधी ते गाडी चालू करून एसी लावून ठेवत. गाडीचं तोंड झाडाकडे, सावलीत. आणि तोंडापासून दोन हातांवर मी, गवत पिंजत. दोन उन्हाळे असंच चाललं होतं. सावलीचा आपण किती चांगला उपयोग करतो, असंच आम्हाला दोघांना वाटायचं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गाडी गरम व्हायला लागली. आधी फक्त पुलाच्या चढावर इंजिनच्या गरमीचा काटा थोडा वर जायचा. मग उमरेड रोडवर एसी लावून वेग घेतला की लाल रेघेला टेकायला लागला. मिस्टर एसी बंद करून काचा उघडायचे, आणि सूनबाई गुरुजींच्या डोक्यावर ओला टॉवेल टाकायच्या. एक दिवस परतीच्या वाटेवर बॉनेटमधून वाफ आली. गाडी थांबवावी लागली. पाऊण तास गुरुजी बाभळीखाली दगडावर बसून होते. घरी पोचल्यावर सूनबाई मिस्टरांना म्हणाल्या, "भाऊ, तुमच्यावर राग नाही. पण सोमवारी गाडी ठीक नसली तर आम्ही दुसरी पाहू."

हे मिस्टरांनी मला सांगितलं तेव्हा जेवणाचं ताट त्यांनी अर्धंच संपवलं होतं.

तोवर गॅरेजवाल्या मिस्त्रींनी गाडी दोनदा पाहिली होती. आमचे मिस्त्री जुने आहेत, हात चांगला आहे. पहिल्यांदा त्यांनी पाणी कुठे गळतं का ते पाहिलं. गळत नव्हतं. जुनं पाणी काढून कूलंट भरलं आणि थर्मोस्टॅट बदलला. तो म्हणे पाण्याचा दरवाजा असतो, इंजिन तापलं की उघडतो. तरी काटा चढलाच. दुसऱ्यांदा त्यांनी वॉटर पंप बदलला. त्याच्यासाठी मी मालकीणबाईंकडून आठ हजार उचल घेतली. मागायला गेले. दुकानात ताट्या मोजून दिल्या तरी मी तिथेच उभी. शेवटी त्याच म्हणाल्या, "काहून उभी हायस वं? पैसे पाहिजेत का?" मी मान हलवली. त्यांनी किती ते विचारलं, मी बोटं दाखवली.

नवा पंप बसला तरी गाडी गरम झाली, आणि त्याच फेरीत ती बाभळीखाली थांबली. मग मिस्त्री म्हणाले की आता एकच गोष्ट उरली, हेड म्हणजे इंजिनचं डोकं उघडावं लागेल. पस्तीस-चाळीस हजार आणि आठ दिवस. चाळीस हजार आमच्याकडे नव्हते आणि आठ दिवसांत गुरुजी दुसऱ्या गाडीने जायला लागले असते. मिस्टरांनी एका दलालाला गाडीचा भाव विचारला. मिहानच्या कारखान्यांकडे एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर पाहिजे, तिकडे जाईन, असं एकदा म्हणाले. शनिवारी दुपारी त्यांनी गाडी धुवायला घेतली आणि धूतच बसले. विकायची वस्तू कोणी इतकी धूत नाही.

मी गवत पिंजत बघत होते. पाइपाने त्यांनी पुढची जाळी धुतली, ती चकचकीत झाली. मग गाडी चालू करून काट्याकडे पाहत बसले. मध्येच मला म्हणाले की एसीनेही दम सोडला आहे, गाडी उभी असली की नुसती हवा येते, थंड येत नाही.

हे ऐकून मी थांबले. कारण हे मी दुकानात फार वेळा ऐकलेलं आहे. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, मोटर गेली, कूलर थंड करत नाही. पाणी ठीक, पंप ठीक, पंखा फिरतो, पण थंड हवा नाही. मालकीणबाईंनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की मोटर खोलायच्या आधी ताटीच्या बाहेरून एक कागद धरायचा. चिकटला तर ताटीतून हवा जाते आहे. पडला तर ताटी चोंदली. मी अशा किती ताट्यांना कागद लावला असेल.

मी रद्दीतला एक कागद घेतला आणि मिस्टरांना दिसणार नाही असं गाडीच्या तोंडाशी धरला. एक कोपरा थोडा हलला आणि कागद खाली पडला. तीनदा धरला, तीनदा पडला. पण मला काय माहीत, गाडीत कागद चिकटतो की नाही चिकटत. गाडीचं कोणी मला शिकवलं नव्हतं. मी कागद घडी करून पदराखाली ठेवला आणि परत गवत पिंजायला लागले.

गरम होणाऱ्या गाडीला दलालाने भाव दिला नाही, म्हणून शेवटी उसनवारी करून हेड उघडायचंच ठरलं; रविवारी सकाळी गाडी गॅरेजला न्यायची होती. मी म्हटलं, मी पण येते. मी कधी गॅरेजला गेले नव्हते. वाटेत मी त्यांना कागदाचं सांगितलं. ते रस्त्याकडे पाहत गाडी चालवत राहिले. मला वाटलं, ऐकलं नाही.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी बोल्ट खोलायचे पाने काढून ठेवले होते. मिस्टर त्यांना म्हणाले, "उघडायच्या आधी हिचं एक ऐकून घे गा." आणि कागदाची गोष्ट त्यांनीच सांगितली. मिस्त्री हसले. मला म्हणाले, "वहिनी, हे गाडी हाये. कूलर नाही."

मी माझ्या चपलांकडे पाहत राहिले. वाटलं, उगाच आले. पण मिस्टर हसले नाहीत. म्हणाले, "कागद फुकटचा हाये न. धरून पाह्य."

आमच्यासारखीच एक गाडी ऑइल बदलायला आलेली होती. मला खोटं पाडायलाच मिस्त्रींनी ती चालू केली आणि तिच्या तोंडाशी माझा कागद धरला. कागद फटकन जाळीला चिकटला. मग त्यांनी आमची गाडी चालू केली. कागद खाली पडला. त्यांनी उचलून परत धरला, परत पडला. त्यांचं हसणं थांबलं. ते उकिडवे बसले, बॅटरी लावून जाळीत पाहिलं आणि म्हणाले, "साफ तर हाये जाळी."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ताटी समोरून धुतली का समोरूनच साफ दिसते. भुसा आतल्या अंगाले बसते."

एवढं लांब वाक्य मी परक्या माणसासमोर बहुतेक पहिल्यांदाच बोलले असेन. मिस्त्रींनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. गाडीला जाळ्या दोन असतात. पुढची एसीची, तिच्या मागे पाण्याची, म्हणजे रेडिएटर. दोघींच्या मध्ये बोटभर फट. वरून पत्रा झाकलेला असतो, त्यामुळे मागची जाळी पुढून दिसतच नाही. त्यांनी पत्र्याचे बोल्ट काढले, रेडिएटर मागे कलता केला आणि मध्ये हात घातला.

जे निघालं ते गोधडीच्या तुकड्यासारखं होतं. धूळ, किडे, तेलाचा चिकटा, आणि सगळ्याला धरून ठेवलेला पिवळा भुसा. तो कशाचा ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. दोन उन्हाळे माझ्या हातून उडालेला भुसा गाडीचा पंखा ओढून घेत होता. गाडी उभ्या जागी चालू, एसी चालू, तोंड माझ्याकडे.

मी हळूच म्हटलं, "हे माह्यावालं गवत हाये."

मिस्टरांनी तो तुकडा हातात घेऊन उलटापालटा केला आणि जोरात हसायला लागले. पंधरा दिवसांत ते हसले नव्हते. म्हणाले, "पाह्य वं, गाडीची ताटी भरून ठेवली तू. आन् तेही फुकटात." मिस्त्रीही हसले. मग मलाही हसू आलं.

मिस्त्रींनी प्रेशरचा पाइप उचलला आणि परत ठेवून दिला. जोराचं पाणी मारलं तर जाळीच्या पातळ पत्त्या वाकतात आणि हवा कायमची अडते, असं म्हणाले. मी मान हलवली. ताटीचंही तसंच, जोर केला की गवत दबून बसतं. मग साध्या पाण्याने, इंजिनच्या बाजूने बाहेरच्या बाजूला, हळूहळू धुतलं. मी मऊ ब्रश घेऊन बसले. कोणी नको म्हटलं नाही. पाणी आधी काळं आलं, मग पिवळं, मग स्वच्छ. सगळं परत बसवून कूलंट भरलं आणि कागद लावला. तो असा चिकटला की मिस्त्रींनी हात काढून घेतला तरी पडला नाही.

उमरेड रोडवर आम्ही तिघं गाडी पाहायला निघालो. मिस्त्री मागे बसले, मला पुढे बसवलं, काट्यावर नजर ठेवायला. ऊन टळटळीत होतं, एसी पूर्ण लावलेला. काटा अर्ध्याच्या खाली आला आणि तिथेच थांबला. चढ आला, ट्रकच्या मागे रखडलो, मग वेग घेतला, तरी तो हलला नाही. मी रस्ता पाहिलाच नाही. सोमवारी गुरुजी जाणार होते, गाडी आपलीच राहणार होती, हे त्या एका काट्यावर लिहिलेलं होतं. परत येताना मला थंडी वाजायला लागली, पण एसी कमी करा म्हणावंसं वाटलं नाही.

मिस्त्रींनी त्या दिवसाची मजुरी घेतली नाही. वॉटर पंपाचे पैसे मात्र गेले ते गेले. जुना पंपही घासलेलाच होता, आज नाही तर उद्या बदलावा लागला असता, असं ते म्हणाले. मिस्टर घरी येऊन त्याच्यावर थोडे कुरकुरले. मी नाही कुरकुरले. भुसा माझा होता.

सोमवारी गुरुजी गाडीत बसले. येताना त्यांना झोप लागली, असं मिस्टर म्हणाले. ते ऐकून मला फार बरं वाटलं. आता गाडी झाडाकडे पाठ करून उभी राहते, आणि ती चालू असली की मी गवताला हात लावत नाही. महिन्यातून एकदा मिस्टर स्वतः रद्दीतला कागद मागतात.

उचल राहिली होती. ताट्यांच्या हिशेबातून थोडी थोडी कापली जात होती, पण सीझन संपला तेव्हा तीन हजार बाकी होते. मग साड्यांना फॉल लावले, दिवाळीत एका घरी फराळाच्या कामाला गेले. मालकीणबाईंनी एकदाही विचारलं नाही. त्यामुळे जास्तच डोक्यात राहायचं.

आज शेवटचे पाचशे घेऊन गेले. नव्या उन्हाळ्याचे गठ्ठे दुकानात येऊन पडले होते. या वेळी मी उभी राहिले नाही, सरळ नोट पुढे केली आणि म्हटलं, "बाई, हे शेवटचे. मोजून घ्या." त्या म्हणाल्या एका नोटेचं काय मोजायचं. चष्मा लावून वही काढली, माझं पान शोधलं, आणि आठ हजारांवर आडवी रेघ ओढून वही माझ्याकडे फिरवली.