मिरवणुकीला नेलेला ट्रॅक्टर

ट्रॅक्टर आता पुन्हा चालतो. माझा राग मात्र गेलेला नाही.

भाताची चिखलणी उरकली की आमच्या गावच्या शिवारात ट्रॅक्टरला दसऱ्यापर्यंत काम नसतं. थोरल्या दिरांचा डिझेलचा तेवढे दिवस उघड्यावर भिजतो, त्याला काही होत नाही. माझा बॅटरीवरचा. ‘माझा’ मी ठासून म्हणते. नवरा चाकणला कंपनीत, शेत मी बघते, आणि हा ट्रॅक्टर येईपर्यंत दरवर्षी नांगरटीसाठी दिरांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागायच्या. नांगरटीजोगा वाफसा निघून गेला की ते उगवायचे. हा आला, मी चालवायला शिकले आणि त्यातून सुटले.

त्या पावसाळ्यात मी तो नीट ठेवला होता. चिखल धुतला, पुसून कोरडा केला, चाकांत हवा भरली. बॅटरी अर्धीच भरून ठेवली. ती पार भरलेली ठेवायची नसते, आणि रिकामी तर मुळीच नाही. रिकामी पडून राहिली की कामातून जाते. मेन स्विच बंद केला, ताडपत्री बांधली. नवऱ्याला बजावलं, “कुणाला हात लावू देऊ नका.” मग आई पाय घसरून पडली आणि ऐन गणपतीच्या आधी मी माहेरी गेले.

दसऱ्याच्या तोंडावर परतले. माळाच्या रानात हरभरा घालायचा होता. ताडपत्री सोडली तर सीटच्या शिवणीत गुलाल. मेन स्विच चालूच. किल्ली फिरवली, ट्रॅक्टर ढिम्म.

“अगं, मंडळानं मागितला,” नवरा म्हणाला. “डिझेलचा धूर मूर्तीवर येतो, म्हणून दादा त्याचा सोडून तुझा घेऊन गेला. देवाच्या कामाला न्हाई कसं म्हणायचं?”

“आणि मला एक फोन?”

“त्यात काय विचारायचं तुला.”

दिवसभर मूर्ती आणि डीजे ओढून तो बंद पडला, मग ढकलत आणून झाकून ठेवला. सगळ्या गावानं बघितलं, माझ्यापर्यंत कुणी पोचवलं नाही.

कंपनीचा मेकॅनिक आला. “चालवतं कोण?” त्यानं विचारलं. नवऱ्यानं खुशाल दिरांकडे बोट केलं! मग मेकॅनिक दिरांनाच समजावू लागला, बॅटरी अर्धी ठेवा, स्विच बंद करा. दीर मान डोलावत होते. मला म्हणाले, “चहा टाक.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उलट बोलले. “भावजी, चहा तुम्हीच टाका. ह्यातलं तुम्हाला काय कळतं ते दिसलंच हाय.”

मेकॅनिक बॅटरी काढून घेऊन गेला. दिवाळीनंतरच मिळेल म्हणाला. इकडे माळ वाळायला लागला होता, आणखी चार दिवसांनी हरभरा घालून उपयोग नव्हता. दुसरा कुणाचा ट्रॅक्टर मोकळा नव्हता. ज्या तोंडानं बोलले होते त्याच तोंडानं दिरांना विनवावं लागलं, “भावजी, तेवढा माळ नांगरून द्या.”

दिला त्यांनी. मी बांधावर उभी होते. उतरल्यावर माझ्याकडे बघितलंही नाही, माझ्यासमोरच नवऱ्याला म्हणाले, “जाऊ दे, बाईमाणूस हाय. मी काय राग धरत न्हाई.”