उतरलेल्या सेलवरचा काटा

नगरला सावेडीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जया एकटीच राहायची. वय एकोणपन्नास. शेजाऱ्यांना एवढंच ठाऊक होतं, की बाई एमआयडीसीत कसलीतरी सर्किटं करतात. कुणाचा मिक्सर बिघडला की तिचं दार वाजायचं. मिक्सर ती दुरुस्त करून द्यायची. आपलं काम ते नव्हे, हे सांगायचा नाद मात्र तिनं कधीच सोडला होता.

तिचं काम वजनकाट्यांचं. काट्याच्या पोटात धातूची एक पट्टी असते. वजन टांगलं की ती केसभर वाकते आणि त्यातून विजेचा अगदी बारीक इशारा निघतो. तो मोठा करायचा, पण वेडावाकडा होऊ द्यायचा नाही. दुप्पट वजनाला दुप्पटच. बावीस वर्षं ती हेच करत आली होती. पूर्वी विभागात पाच जण होते, डबा खाताना आलेखाच्या रेषेवरून भांडणं व्हायची. मग तयार चिपा स्वस्तात मिळू लागल्या, एकेक जण पुण्याला गेला. ज्यांनी तिला हे सगळं शिकवलं, ते सूर्यभान सर करोनात गेले. आता डबा ती आपल्या टेबलावरच खायची.

श्रावणात एक फोन आला. काट्यावर छापलेल्या नंबरवरून फिरत फिरत तो तिच्यापर्यंत पोचला होता. जामखेड तालुक्यातल्या शेळीवाल्या बायकांचा गट, बोलणाऱ्या रतनबाई.

"मॅडम, तुमचा काटा खोटं बोलतोय. करडू बरुबर भरतंय, मोठा बोकड तेवढा कमी. घरी चौतीस किलो, बाजारात एकोनतीस. वाटंत काय पाच किलो वितळला का त्यो?"

"बाजारात सेल कोणते असतात?"

"छगनशेठ त्याच्याच खिशातले घालतो की. म्हणतो, तुमचे उतरलेत."

छगनशेठ व्यापारी होता आणि त्याला काट्याचं वर्म बरोबर सापडलं होतं. अकरा वर्षांपूर्वी हा काटा तिनंच केला होता. 'उतरलेल्या सेलवर बघितलंस का?' असं सरांनी तेव्हा विचारलं होतं. 'बघते,' म्हणाली होती. बघितलं नव्हतं.

रविवारी ती एसटीनं गेली. लिंबाखाली बोकड टांगला. नव्या सेलवर चौतीस, जुन्या सेलवर एकोणतीस.

"असं का हुतं?" रतनबाईंनी विचारलं.

"छप्पर खाली आलं की बुटका माणूस सरळ चालतो, उंच माणसाला वाकावं लागतं. सेल उतरला की आतलं छप्पर खाली येतं. करडू बुटकं, ते निभावतं. बोकड वाकतो."

रतनबाई हसल्या. "आता कळलं. तुमच्या घरी कोन कोन असतं, ताई?"

"मी."

"आन्‌ अजून?"

"मीच."

निघताना रतनबाईंनी तिच्या पिशवीत शेंगा भरून दिल्या.

कारखान्यात तिनं साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "तो काटा आपण बंद करून सहा वर्षं झाली, मॅडम. आता कशाला उकरता?"

मग तिनं ते घरीच करायला घेतलं. छप्पर काही उंच होणार नव्हतं, दोन सेलांत जेवढं मिळतं तेवढंच. म्हणून तिनं इशाऱ्याच्या दोन वाटा केल्या. एक जेवढा वर जाईल, तेवढाच दुसरा खाली. मोजायचं दोघांमधलं अंतर. त्यामुळं त्याच ठेंगण्या जागेत दुप्पट मोठा इशारा मावायला लागला. पहिली दोन बोर्डं फसली. तिसऱ्यावर, नव्या सेलांचे तीन व्होल्ट दोनाच्याही खाली उतरले, तरी रेषा पट्टीनं ओढल्यासारखी सरळ आली. त्याच्याही खाली गेलं, की आकडा दिसणारच नाही अशी सोय तिनं केली. चुकीचं सांगण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

आलेख तिनं कागदावर काढला आणि बराच वेळ हातात धरून बसली. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. ही रेषा किती देखणी आहे हे ज्याला कळेल, असं माणूस सगळ्या नगरात तिला आठवेना.

दिवाळीनंतर ती गटाच्या तिन्ही काट्यांसाठी तशीच तीन बोर्डं घेऊन गेली, तेव्हा गावात निम्म्या दारांना कुलपं होती. माणसं ऊसतोडीला गेली होती, रतनबाईसुद्धा. हे आपल्याला सुचायला हवं होतं, असं तिला वाटलं. तिचे आईबापही दरसाल असेच जायचे आणि ती शाळेच्या वसतिगृहात मागं राहायची.

रतनबाईंची सासू कडूबाई शेळ्या राखायला घरी होती. जयानं काटे उघडून बोर्डं बसवली, बोकड टांगला. नवे सेल, जुने सेल, पार उतरत आलेले सेल. तिन्ही वेळा छत्तीस.

कडूबाईनं तिन्ही वेळा आकडा वाचवून घेतला. "तेच तर दावतंय. मंग तुमी बदललं काय?"

जयाला सांगायचं पुष्कळ होतं. "काही नाही, आजी," ती म्हणाली.

म्हातारीनं चहा केला. दोघी उंबऱ्यावर बसून प्यायल्या.

चैत्रात रतनबाईंचा फोन आला. "ताई, छगनशेठनं त्याचे सेल घातले. काट्यानं आकडाच दाखवला न्हाई! शेवटी त्योच नवे घेऊन आला. बोकड अडतीस भरला." मागं बाजाराचा गलबला होता. "पुढच्या शनवारी या की. मटन करते."

"येते," जया म्हणाली.

तिनं रजेचा अर्जही लिहिला. पण त्या शनिवारी कारखान्यात तपासणी निघाली, त्याच्या पुढच्या शनिवारी तिला ताप होता. नंतर रतनबाईंनी पुन्हा बोलावलं नाही आणि आपण होऊन फोन करायचा तर काय निमित्त काढावं, हे जयाला सुचलं नाही. काटा तर बरोबर चालला होता.