शॉनच्या बँडला आईने जेवू घातलं

एका अख्ख्या आयरिश बँडचा आवाज माझ्या आईने पुरणपोळी वाढून बंद पाडला. त्यात निम्मा हात माझा होता.

गोष्ट दोन हजार पाच-सहाची. शॉन आमचा सिंगापुरातल्या बिशान वस्तीतला शेजारी. सत्तरीकडे झुकलेला, ट्रम्पेटवाला. त्याचा शोबँड, म्हणजे एकसारखे निळे कोट घालून लोकांना नाचवणारी मंडळी. आयर्लंडमधले नाचाचे हॉल ओस पडल्यावर ते लंडनला गेले, तिथून सहा महिन्यांसाठी सिंगापूरला आले, आणि वीस वर्षं झाली तरी इथेच! निघाले तेव्हा नऊ होते. कोणी लग्न करून गळाला, कोणी गुडघ्यांपायी. उरले चार. दर शनिवारी एका हॉटेलात वाजवायचे, पण तिथल्या नव्या मॅनेजरने कळवलं होतं, "एकदा ऐकतो, मग ठेवायचं की नाही ते बघू."

"हे गेलं की बँड संपला," शॉन म्हणाला.

मला वाईट वाटलं. (मला वाईट वाटलं की कुणाचं तरी वाटोळं होतं, असं बायकोचं मत.) म्हटलं, "रविवारी आमच्या बाबांची पंच्याहत्तरी आहे. ईस्ट कोस्टला मित्राच्या कॉंडोत हॉल घेतलाय. तिथे वाजवा, मॅनेजरलाही बोलवा. लोक नाचताना बघून विरघळेल तो!"

रविवारी मंडळी अकरालाच हजर. मॅनेजर एकला येणार होता. तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या आईने विचारलं, "जेवलेत का ते?"

"वाजवून झाल्यावर जेवतील."

"उपाशीपोटी फुंकणार काय, कपाळ! बसव त्यांना पानावर."

इथे मी शहाणपणा केला. चौघांना बाजूला घेऊन बजावलं, "पानात काही टाकू नका हं. आईला फार लागतं."

आता, आईच्या लेखी रिकामं पान म्हणजे पाहुणा अर्धपोटी. त्यांनी पोळी संपवली की ही दुसरी वाढणार, वर तुपाची धार. ते बिचारे तिचं मन राखायला तीही संपवणार! सहाव्या पोळीला शॉनने माझ्याकडे केविलवाणं बघितलं.

"एवढी संपवा, सुटलात," मी धीर दिला.

त्याने संपवली. "बघ, लाजत होते मेले!" म्हणत आईने सातवी वाढली.

एक वाजता मॅनेजर आला. शॉनने ट्रम्पेट उचलला, छाती भरून घेतली, आणि पहिला सूर म्हणून सणसणीत ढेकर दिली. (आई धन्य झाली.) सॅक्सोफोनवाल्याच्या कोटाचं बटण उडून केकमध्ये रुतलं. गाणं कसंबसं कुजबुजत निघालं. नाचायला उठलेले पाहुणे खाली बसले.

"पप्पा, ड्रम अंकल स्लीपिंग ला!" माझी लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षं परदेशात तगलेला बँड मी दोन तासांत संपवला होता!

मॅनेजर उठून माझ्याकडे आला. "किती हळुवार वाजवतात! आमच्या गिऱ्हाइकांची तक्रारच ती होती, कानठळ्या बसतात म्हणून. दर शनिवारी असंच वाजवणार असतील तर वर्षभर नक्की."

झालं! दर शनिवारी दुपारी चौघे आमच्याकडे जेवायला येऊ लागले. महिन्याभराने आई पुण्याला परतली आणि बायकोने हात झटकले, "तू जमवलंयस ना? मग तूच पुरण वाट!" वाटलं. पोळ्याही लाटल्या.

पुढच्याच सोमवारी मॅनेजरचा शॉनला फोन आला, बँड पुन्हा कानठळ्या बसवतोय म्हणून. बसवणारच! माझी पोळी चौघांपैकी एकालाही दुसऱ्या घासापुढे जाईना.