डालग्यावर वाळत घातलेला लॅपटॉप

आषाढात आमच्या पवनानगरला दोरीवरचे कपडे आठ आठ दिवस वाळत नाहीत. मग शेगडी पेटवायची, तिच्यावर कोंबड्या झाकायचं डालगं उपडं घालायचं आणि त्यावर कपडे पसरायचे. माझी दुपटी, शाळेचे गणवेश, कॉलेजच्या ओढण्या, सगळं आईनं असंच वाळवलं. वर्गात माझ्या अंगाला धुराचा वास यायचा आणि घरी येऊन मी तिच्यावर तणतणायची.

त्या दिवशी दुपारी माझी बंगळूरच्या एका कंपनीची ऑनलाइन परीक्षा होती. पास झाले की नोकरी, आणि नोकरी म्हणजे तिकडंच राहायला जायचं. घरात आम्ही दोघीच. परीक्षा मोबाइलवर देता येणार नाही, लॅपटॉपच हवा, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. माझा लॅपटॉप म्हणजे मामेभावानं वापरून वापरून टाकलेला. कसाबसा चालायचा बिचारा. सकाळी बटण दाबलं तर आतला पंखा जरा घरघरला आणि गप्प. परत दाबलं, तर तेवढंही नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, दुसरं काय!

चार्जर स्वयंपाकघरातल्या प्लगला लावून पाहिला. बॅटरी काढून पुसली, परत बसवली. अंगठा पांढरा पडेपर्यंत बटण दाबून धरलं. शेवटी दोन थपडाही मारल्या. ढिम्म! आसपास कुणाकडं लॅपटॉप नाही. धरणाजवळच्या कँपवाल्याकडं होता, पण तो पावसात तंबू काढून गावी गेलेला. तळेगावच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"ताई, ओल धरली असणार. घेऊन या, बघू."

घेऊन कशी जाऊ, डोंबल! जीप भरणार कधी, सुटणार कधी, मी तळेगावला पोचेपर्यंत इकडं परीक्षा संपणार.

फोन स्पीकरवर होता. आईनं त्यातला एकच शब्द उचलला, ओल. मी डोकं धरून बसले होते, तोवर तिनं शेगडी पेटवली, डालगं उपडं घातलं, वर माझी जुनी ओढणी अंथरली आणि लॅपटॉप उघडून त्यावर पालथा घातला.

"आई, अगं काय चालवलंयस! प्लॅस्टिक आहे ते, वितळेल!"

"निखारं मंद हायेत. तू गप बस."

मी ओरडले. नको नको ते बोलले. "तुला तर बरंच झालं असेल," असंही बोलून गेले. ती लॅपटॉप फार तापत तर नाही ना, हे सारखं हात लावून बघत होती. धुरानं तिचे डोळे लालभडक झाले होते. मग मीही शेगडीपाशी जाऊन बसले. बुडत्याला काडीचा आधार, आणि माझ्याकडं दुसरी काडी नव्हती.

परीक्षेची वेळ जवळ आली तसा लॅपटॉप उचलला. कोमट झाला होता, धुराचा वास मारत होता. चार्जर लावला, बटण दाबलं. काही नाही.

"परत दाब," आई म्हणाली.

दाबलं. काही नाही. मला रडू येणार, तेवढ्यात तिलाच हुंदका फुटला.

"काल माज्याच मनात आलतं," ती म्हणाली. "ह्ये बंद पडलं तर बरं हुईल, तू जानार न्हाईस. येकदाच आलतं गं बया. लगीच तोंडात मारून घेतली मी. पन लागलं बघ."

मला राग आला. पण काढायचा कुणावर? "अगं आई, कुणाच्या मनात आल्यानं मशिनं बंद पडतात होय? तसं असतं तर मी आजवर निम्मा तालुका बंद पाडला असता!" मी हसवायला बघत होते. ती ऐकतच नव्हती.

मोबाइलवर परीक्षा सुरू झाल्याचा मेसेज आला. पुढं वेळ संपल्याचाही आला. मी तो तिला वाचून दाखवला. तरी तिनं माझं बोट धरून बटणावर ठेवलं.

"आता मनापासनं म्हनते, जा तू. दाब परत."